दवाखान्याच्या भिंतीवर तीन पक्षी: कामाच्या नोंदी

5 जानेवारी 2025

चिपळूणहून दादाचा फोन. दादा म्हणजे माझा आतेभाऊ, डॉक्टर. दवाखाना आता पहिल्या मजल्यावर नेलाय. खालच्या गाळ्यात 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा फ्रिज, औषधं आणि पेशंटांच्या फायलींबरोबर मी दिलेलं जलरंगातलं एक चित्रही गेलं. (गेलं ते बरंच झालं. त्यातला बगळा बदकासारखा दिसायचा. हे त्याला आजवर सांगितलेलं नाही.)

नव्या जागेत पेशंट बसतात तिथली लांब भिंत रिकामी आहे. "तीन पक्षी काढून दे. धनेश हवाच. बाकीचे दोन तुझ्या मनाचे." पाऊस लागायच्या आत टांगायचे. पैशांचा विषय काढला तर म्हणाला, "दोन पेट्या हापूस."

7 जानेवारी

शाळा सुटल्यावर वहीत आखणी केली. तिन्ही चित्रं एकाच माध्यमात केली तर काम लवकर होईल आणि भिंतही एकसारखी दिसेल. तरी मला वेगवेगळी माध्यमं वापरायचीत. कारण एकच, कडा.

शाळेत मुलं पक्षी काढतात तेव्हा आधी बाहेरची रेघ, मग आत रंग, मग एकेक पीस. पीस न् पीस बरोबर असतं आणि पक्षी मात्र कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. माझाही कित्येक वर्षं तसाच दिसायचा. खऱ्या पक्ष्याची कड सगळीकडे सारखी नसतेच. चोचीशी धारदार, पोटाशी विरलेली, सावलीत गेली की नाहीशीच. आता जलरंगात कड कुठे थांबणार हे पाणी ठरवतं. ॲक्रिलिकची कड सुकली की सुकली, सुरीने कापल्यासारखी. तेलरंगाची कड एक-दोन दिवस ओली राहते, बोटाने सरकवता येते.

म्हणून धुक्यातला रोहित (फ्लेमिंगो) जलरंगात. उडता नीलपंख ॲक्रिलिकमध्ये. धनेश खरं तर तेलरंगाचा पक्षी, पण तेलरंग वाळायला वेळ खातो आणि हाताशी चार-पाच महिने. तेव्हा तोही ॲक्रिलिकमध्येच उरकावा.

(नंतरची भर: "उरकावा" हा शब्द लिहितानाच खटकायला हवा होता.)

12 जानेवारी

माळ्यावरून जुनी पेटी काढली. तळाशी कॉलेजच्या दिवसांतले सात ब्रश निघाले. केस टोकाला काळपट, मध्ये पिवळट, मुळाशी पुन्हा गडद. मुंगसाचे. आमच्या वेळी हेच ब्रश भारी म्हणून मिरवले जायचे. पाणी छान धरायचे, टोक सुईसारखं जुळायचं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मुंगसाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि कोणी मुंगसाची हजामत करून त्याला परत सोडत नाही. 2019 मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने या ब्रशांसाठी ठिकठिकाणी छापे घातले होते. एका प्राण्याच्या केसांनी दुसऱ्याचं चित्र काढून वर "निसर्गचित्र" म्हणायचं, हे आता घशाखाली उतरत नाही. सातही ब्रश कागदात गुंडाळून बाजूला ठेवले, वनखात्यात चौकशी करून देऊन टाकीन.

या कामाला सिंथेटिकच. गोल 4, 8 आणि 12, चपटे दोन, आणि लांब केसांचा एक रिगर, रोहिताच्या पायांसाठी.

16 फेब्रुवारी, भिगवण

साडेचारला पुणं सोडलं, उजाडताना कुंभारगावच्या काठावर. यंदा उजनी काठोकाठ भरलं होतं, पाणी आत्ता कुठे उतरतंय. रोहिताला उथळ पाणी लागतं, चिखलात चोच घालून गाळून खाणारा पक्षी तो. नावाडी म्हणाला, "पाणी उतरल्याबिगर ह्यो जवळ येत न्हाई, ताई. मागच्या पंधरा दिसात आलेत बघा."

बांबूने नाव रेटत त्याने आम्हाला एका चरासारख्या उथळ जागेच्या अलीकडे आणून थांबवलं. पुढे चाळीसेक पक्षी. त्याहून जवळ जायला मी नको म्हटलं. तो खूश झाला, नाहीतर फोटोवाले "अजून थोडं, अजून थोडं" करत थवा उठवतात, म्हणाला.

पहिला धडा लगेच मिळाला. रोहित गुलाबी नसतो. म्हणजे माझ्या डोक्यात होता तितका नाहीच. धुक्यात तो जवळजवळ पांढरा, आणि पांढराही नाही, मागच्या पाण्याहून जेमतेम एक पट्टी उजळ. गुलाबी फक्त पाय आणि चोच. चोचीचं टोक काळं. पंख मिटलेला असताना लाल रंगाची एक चिरी दिसते, बास. मग एकाने पंख ताणला आणि आतला तो शेंदरी-गुलाबी आणि लांब पिसांचा काळा असा काही उघडला की बाजूचा आमचा नवरोबा कॅमेरा खाली ठेवून नुसता बघत बसला. थव्यात पाच-सहा मातकट करडी पिल्लंही होती, गेल्या हंगामातली. हा रंग खाण्यातून येतो, शेवाळं आणि बारीक जलचरांतून. पोराला रंग चढायला काही वर्षं जातात.

पॉकेट वहीत अकरा रेखाटनं केली. ब्रशला भीमेचंच पाणी. पहिल्या चारांत पाय चुकले. मध्ये मागे वाकतो तो गुडघा नव्हे, घोटा. गुडघा वर पोटाच्या पिसांत दडलेला असतो. हे मला पाठ आहे, मुलांना शिकवते, तरी हात "उलटा गुडघा"च काढत होता. पाचव्या रेखाटनात पाय आधी नुसत्या दोन काठ्या म्हणून पाण्यातून वर आणले, अंग नंतर बसवलं. तेव्हा पक्षी उभा राहिला.

आणि कडा. खाली चोच घातलेल्या पक्ष्याचं डोकं आणि पाण्यातलं प्रतिबिंब यांच्यामध्ये रेघच नव्हती. कुठे पक्षी संपतो आणि कुठे पाणी सुरू होतं हे सांगता येत नव्हतं. तेच चित्र.

परतताना भिगवणच्या अलीकडे तारेवर नीलपंख. नवऱ्याने गाडी बाजूला घेतली, मी वीस फोटो काढले, एकोणीस बाद.

22 फेब्रुवारी

कागद 300 ग्रॅमचा, पूर्ण सुती, 15 बाय 22 इंच. बाथरूममधल्या टबात दहा मिनिटं बुडवून प्लायवर स्टेपल केला. 300 ग्रॅमचा कागद ताणायची गरज नाही असं सगळे सांगतात. माझा दर वेळी फुगतो.

रंग मोजके. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ओकर आणि गुलाबीसाठी क्विनॅक्रिडोन रोज. ऑपेरा रोज डोळे दिपवतो पण उजेडात उडतो, आणि ही भिंत खिडकीसमोर आहे. जुना अलिझरिन क्रिमसनही त्याच कारणाने बाद. पेशंटांसमोर पक्षी हळूहळू पांढराफटक पडत जाणं बरं दिसणार नाही.

पायांवर मास्किंग फ्लुइड, म्हणजे तेवढ्या जागी रंग लागू नये म्हणून लावायचा आणि नंतर सोलून काढायचा रबरी द्रव, लावून ठेवलं. रात्री पार्श्वभूमी मारीन.

23 फेब्रुवारी

रात्री पाहुणे आले, कागद तसाच राहिला. सकाळी बोर्ड गॅलरीत, वर ऊन. दुपारी फ्लुइड सोलायला गेले तर ते कागदाला धरून बसलेलं. ओढलं, आणि तिन्ही पायांबरोबर कागदाची सालही निघाली. चूक सर्वस्वी माझी, उन्हात ठेवू नये असं बाटलीवर ठळक लिहिलेलं आहे.

कागद उलटा करून सरावाला ठेवला.

25 फेब्रुवारी

दहावीच्या पेपरचं सुपरव्हिजन. तीन तास नुसतं उभं राहून समोरच्या मुलाच्या शर्टाची कड मागच्या भिंतीत कुठे मिसळते ते बघत होते.

2 मार्च

दुसरा कागद. या वेळी मास्किंग नाही. पूर्ण कागद ओला केला, चमक जाऊन नुसता ओलसर झाला तेव्हा वरून फिकट निळसर करडा सोडला, खाली येताना त्यात किंचित ओकर. पक्ष्यांच्या जागा कोरड्या ठेवल्या नाहीत. करडा ओला असतानाच पिळलेल्या ब्रशने रंग उचलून पांढरे आकार काढले. उचललेल्या जागेची कड आपोआप मऊ येते. थव्याचे मागचे नऊ पक्षी असे वीस मिनिटांत झाले, आणि हीच वीस मिनिटं या चित्रातली खरी. पुढचं सगळं सावरासावर.

पुढचे तीन पक्षी कागद वाळल्यावर. ज्याने पंख ताणलाय त्याची फक्त वरची कड धारदार ठेवली. पंखातला काळा अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा, ट्यूबमधला काळा नाही. त्यात गुलाबी ओलाच असताना भिडवला, थोडा पसरला, पसरू दिला.

पाय रिगरने एका दमात. श्वास धरून.

मुलगा आला, बघितलं, "गुलाबी कुठंय?" म्हणाला. बरोबर चाललंय.

9 मार्च

शाळेच्या वाचनालयात जुनं चित्रांचं पुस्तक चाळताना शेख झैनुद्दीन पुन्हा भेटला. कलकत्त्याचे मुख्य न्यायाधीश एलिजा इम्पी यांची बायको मेरी इम्पी हिने घरी पशुपक्षी पाळले होते, त्यांची चित्रं काढायला 1777 पासून पुढची काही वर्षं पाटण्याचे तीन चित्रकार ठेवले होते. झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास. कागद इंग्रजी, हात मोगल शैलीतला.

त्यांच्या पक्ष्यांमागे बहुतेक वेळा काहीच नाही, कोरा कागद. आकाश नाही, पाणी नाही. त्यामुळे सगळी कड धारदार. म्हणजे मी जे टाळायला निघालेय तेच. आणि तरी तो पक्षी जिवंत. अर्धा तास बघत बसले. त्यांची रेघ जाड-बारीक होत जाते, कुठे दाबलेली, कुठे नुसती टेकवलेली. रेघेतच उजेड आहे. ते माझ्याने होणार नाही, पण नीलपंख करताना हे आठवायचं.

14 मार्च

धुळवड. आज घरात कोणी रंगाला हात लावायचा नाही, असा मुलाचा हुकूम. त्याचे रंग चालतात, माझे नाही.

23 मार्च

नीलपंख. कॅनव्हास 18 बाय 24 इंच.

बसलेला नीलपंख गरीब दिसतो. तपकिरी पाठ, छातीवर फिकट रेघोट्या, डोक्यावर थोडा निळा. लोक शेजारून निघून जातात. उडाला की पंखात आकाशी पट्टा, त्याला लागून जांभळट गडद निळा, पुन्हा आकाशी. म्हणून उडताच काढायचा, तार सोडल्यानंतरचा पहिला क्षण.

पक्ष्यांमधला हा निळा रंग, खंड्याचा असो की याचा, रंगद्रव्याचा नसतो. पिसाच्या बारीक रचनेवर उजेड विखुरतो आणि निळा दिसतो. पीस कुटलं तर तपकिरी भुकटी उरेल. माझ्या बाद एकोणीस फोटोंतही हेच झालंय. सूर्य मागे आहे त्या सगळ्यांत पंख मळकट करडा. फोटोवरून रंग उचलला असता तर नीलपंखाचा कावळा झाला असता.

थॅलो ब्लू, थोडा थॅलो ग्रीन आणि भरपूर टायटॅनियम व्हाइट असं मिश्रण लावलं. ओला असताना अगदी हवा तो आकाशी. चहा घेऊन आले तर एक छटा गडद. ॲक्रिलिकचं हे नेहमीचंच. रंग ज्या चिकात कालवलेला असतो तो ओला असताना दुधाळ असतो, वाळला की पारदर्शक होतो, मग रंग खाली बसल्यासारखा दिसतो. सवय असूनही दर वेळी फसते.

शिवाय उन्हाळा. पॅलेटवरचा रंग पाच मिनिटांत साय धरतो. स्टीलच्या पसरट डब्यात ओला पंचा, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग, काम थांबलं की झाकण. रंग दोन दिवस टिकला. पंखा बंद. घाम पुसायला दुसरा पंचा.

30 मार्च

पाडवा. गुढी उभारून, श्रीखंड खाऊन, दुपारी झोप टाळून तीन तास काम.

उलटं केलं. पंखावरचा आकाशी पट्टा पूर्ण खरवडून तिथे शुद्ध पांढरा, दोन थर. वाळल्यावर त्यावर पारदर्शक मिडियममध्ये कालवलेला थॅलो ब्लू, पाण्यासारखा पातळ. वाळू दिला. पुन्हा एक थर. पुन्हा एक. उजेड पातळ निळ्यातून आत जातो आणि खालच्या पांढऱ्यावरून परत येतो. चौथ्या थराला पट्टा पेटला. पांढरा मिसळून केलेला निळा खडूसारखा दिसतो, हा काचेसारखा दिसतो. आजूबाजूचं माळरान मुद्दाम मळकट ठेवलंय, वाळक्या गवताचा रंग. शेजारी दुसरा कोणी चमकणारा नाही, म्हणून याची चमक टिकते.

कडा सगळ्या धारदार, पण झैनुद्दीनचं स्मरण करून पंखाच्या पुढच्या बाजूला गडद आणि मागच्या पिसांना फिकट. शेपटीची कड दोन ठिकाणी गवताच्याच रंगाने बुजवली.

ब्रश लगेच धुतले. मागच्या वर्षी एक विसरले होते, त्याचा आता दगडी चमचा झालाय.

12 एप्रिल, चिपळूण

आंबेडकर जयंतीला जोडून सुट्टी. कुंभार्ली घाटाने उतरलो. वहिनीने आल्या आल्या कैरीचं पन्हं दिलं. दादा भिंत दाखवायला घेऊन गेला. खिडकी डावीकडे, सकाळी तिरकं ऊन. रोहित उजव्या टोकाला, उन्हापासून लांब. धनेश मधोमध (तेलरंगात असता तर!).

13 एप्रिल, संगमेश्वरच्या बाजूचं एक गाव

दादाच्या एका पेशंटचा पोरगा आम्हाला देवराईत घेऊन गेला. वय एकोणीस, पायात चपला, पाचोळ्यावर आवाज शून्य. माझ्या बुटांचा आवाज त्याला सहन होत नव्हता.

बेहड्याच्या एका जुन्या झाडात, बरंच उंच, ढोली. ढोलीचं तोंड लिंपलेलं, मध्ये एक उभी फट. मादी आत कोंडून घेते, नर त्या फटीतून फळं पुरवतो. आम्ही बऱ्याच लांबून, करवंदीच्या जाळीमागे बसून राहिलो. पोरगा कुजबुजला, "बोलू नका आणि हात वर करू नका, मॅडम." सव्वा तास.

आधी आवाज आला. पंखांचा, कोणी सूप जोरात पाखडावं तसा. मग झाडांच्या काळोखात काहीतरी बसलं. पक्षी दिसला नाही. पिवळी चोच दिसली, तिच्यावरचं शिंगासारखं टोप दिसलं, मानेचा फिकट पट्टा दिसला, शेपटीचा पांढरा दिसला. मधला साडेतीन फुटांचा काळा पक्षी सावलीत पूर्ण गायब. चार तुकडे हवेत, आणि त्यांना जोडून पक्षी पुरा करायचं काम डोळ्याचं. त्याने गळ्यातून एकेक उंबर वर काढून फटीत दिलं. मी सतरा मोजली.

रेखाटन एकच केलं. त्यात काळा भरलाच नाही.

परतताना पोराने सांगितलं की मानेवरचा आणि पंखांवरचा पिवळा "लावलेला" असतो. शेपटीच्या बुडाशी तेलाची ग्रंथी असते, पक्षी चोच तिथे घासून पिसांवर फिरवतो. पिसं मुळात पांढरी. म्हणजे मोठा धनेश स्वतःच स्वतःला रंगवतो, आणि तेही तेलात. हे ऐकल्यावर ॲक्रिलिकचा हट्ट सोडायला हवा होता. सोडला नाही.

20 एप्रिल

24 बाय 30 इंच कॅनव्हास. ॲक्रिलिक. रानाचा गडद हिरवा, त्यावर काळा धनेश.

भयंकर. काळा थर वाळला की रेक्झिनसारखा सपाट. कड मऊ करायला जावं तोवर वाळलेली. वाळणं लांबवणारा रिटार्डर घातला तर चिकट. धनेश रानात बसलेला नाही, रानाला इस्त्री करून चिकटवलाय. सगळं आयुष्य मुलांना सांगत आले ते माझ्याच इझलवर.

27 एप्रिल

शाळेला सुट्टी लागली. ठरलं, तेलरंग. आधीचं फुकट नाही. ॲक्रिलिकवर तेलरंग चालतो, तेलरंगावर ॲक्रिलिक चालत नाही. वरची चमक सँडपेपरने घासून घेतली.

पहिला थर बर्न्ट अंबर, टर्पेंटाइनमध्ये पातळ. अंबरमध्ये मँगनीज असतं, लवकर वाळतो. वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा जास्त हवं, उलटं झालं तर वरचा आधी वाळतो, खालचा हलतो आणि रंग तडकतो. झिंक व्हाइटला हात लावायचा नाही, काही वर्षांनी ठिसूळ होतो. टायटॅनियमच.

घरभर टर्पेंटाइनचा वास. नवरा म्हणतो, भाजीलाही येतो.

4 मे

काळा, काळ्याशिवाय. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर. पाठीकडे निळा जास्त, पोटाकडे अंबर जास्त, आणि पोटाखाली तो मागच्या हिरव्याशी ओल्यात ओला मिसळला. करंगळीने. पोटाची कड पुसून टाकली तेव्हा पहिल्यांदा धनेश आत गेला. मानेची कड जरा ठेवली, चोचीची पूर्ण.

मान आणि पंखातला पट्टा आज नुसता पांढरा. पिवळा नंतर, त्याच्या क्रमानेच.

11 मे

हापूसच्या दोन पेट्या आल्या. चित्र पोचायच्या आधी मोबदला. आता सुटका नाही.

मानेवर इंडियन यलो, तेलात पातळ. आताचा हा रंग कृत्रिम आहे. जुना बिहारमध्ये मुंगेरजवळ, आंब्याची पानं खाऊ घातलेल्या गाईंच्या मुतापासून करायचे, असं त्रैलोक्यनाथ मुखोपाध्याय यांनी 1883 मध्ये लिहून ठेवलंय. बिचाऱ्या गाई. एका हाताला आंब्याचा रस, दुसऱ्याला आंब्याचा पिवळा, कोणता कुठला ते चाटल्याशिवाय कळेना. (चाटलं नाही.)

पिवळा सगळीकडे सारखा लावला नाही. मानेला जास्त, पंखाला ओघळल्यासारखा. पक्ष्यानेही सारखा लावलेला नव्हता.

18 मे

डोळा, टोप, चोच पूर्ण. फोटो काढून दादाला आणि त्या पोराला पाठवला. दादाने अंगठा पाठवला. पोराचा दहा मिनिटांत फोन.

"मॅडम, भारी झालंय. पण हा नर का मादी?"

"नर. आपण बघितला तोच."

"मग डोळा पांढरा का?"

मी गप्प.

"नराचा डोळा लाल असतो, भोवती काळं. पांढरा डोळा मादीचा. तुम्ही टोपाला मागून काळं केलंय, ते नराचं. अर्धा तो, अर्धी ती." मग जरा थांबून, "आणि मादी तर ढोलीत आहे ना, मॅडम. बाहेर कशी येईल?"

लांबून डोळा दिसला नव्हता. मी तो एका जुन्या फोटोवरून घेतला, आणि तो फोटो मादीचा. टोप दुसऱ्या फोटोतून. दोन्ही फोटो उत्तम, स्पष्ट, आणि मिळून जगात नसलेला पक्षी.

तेलरंगाचा उपकार असा की डोळा अजून ओला होता. कापसाचा बोळा तेलात बुडवून पुसून काढला. ॲक्रिलिक असता तर उकरत बसले असते. लाल ठिपका एवढासा, साबुदाण्याएवढा, त्यावर टाचणीच्या टोकाने पांढरा. इतक्याने सगळा चेहरा बदलला. आधी तो माझ्याकडे बघत होता, आता फटीकडे बघतोय.

26 मे

मॉन्सून पुण्यात आला म्हणे, मुंबईतही आजच. मे महिन्यातच! पावसाच्या आत टांगायची मुदत मी चुकवली नाही, पावसाने चुकवली.

तेलरंग पाणी उडून वाळत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्यामुळे आत्तापर्यंत फारसं वाईट चाललं नव्हतं. पण या दमट गारव्यात सगळं मंदावलंय. कॅनव्हास हॉलमध्ये उजेडात ठेवलाय, अंधारात तेल पिवळं पडतं. मोठी डोकेदुखी फडक्यांची. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून ठेवली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून एरवी गॅलरीत पसरून वाळत घालते. गॅलरीत पाणी. आता ती बाथरूमच्या दांडीवर एकेक पसरलेली आहेत आणि घरात कोणी माझ्याशी धड बोलत नाही.

8 जून

शेवटचा हात. पाठीमागची दोन पानं काढली होती, ती पुसली. सही खाली डावीकडे, सावलीत.

22 जून

रोहिताला फ्रेम. कोकणातली हवा म्हणजे बुरशी. कागद काचेला टेकला की डाग धरतो, म्हणून जाड माउंटची खिडकी, मध्ये हवेला जागा, मागून कडा टेपने बंद. नीलपंखाला काच नाही, नुसता व्हार्निश.

19 जुलै, चिपळूण

धनेश हाताला कोरडा लागतोय. तरी चारही कोपऱ्यांना बुचं लावून खोक्यात आणला. घाटात धुकं, नवऱ्याने वीसच्या वेगाने गाडी हाकली.

तिन्ही टांगले. रोहित उजवीकडे, नीलपंख खिडकीजवळ, धनेश मध्ये. दादा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मधला लांबून दिसतच नाही गं नीट." मी त्याला आणखी चार पावलं मागे नेलं, मग बाकावर बसवलं. थोड्या वेळाने म्हणाला, "हां. बसलाय." पहिल्या चित्रातल्या बगळ्याचं तेव्हा सांगून टाकलं. त्याला तो बदकच वाटत होता.

निघताना वहिनीला बजावलं. धनेशाला पक्का व्हार्निश जानेवारीत देणार, आतला रंग तोवर कच्चा. ओलं फडकं अजिबात लावू नको.

27 जुलै

वहिनीचा फोन. खुशाली, पाऊस, वाशिष्ठी किती चढली, सगळं झाल्यावर हळूच, "अगं, नवी बाई लागलीय साफसफाईला. तिला सांगायचं राहिलं."

"कुठलं पुसलं?"

"मधलं."

"फडक्यावर काळं आलं का?"

"आलं थोडं. धूळ असेल."